लाकडाच्या रंगाची दांडी

इब्राहिमभाई, तुमच्यावर मी रागावलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे लिहिण्यात गोडवा जास्त उतरला तर मी मरणाचं निमित्त करून तुमची स्तुती करतोय असं तुम्हाला वाटायला नको. तुमची स्तुती मी तुमच्या तोंडावर पुष्कळ केली आहे आणि भांडलोही तुमच्या तोंडावरच. आता तुम्ही समोर नाही, म्हणून कागदावर भांडतो.

वलवणच्या कबरस्तानात तुमच्यावर मूठभर माती टाकून आलो, त्याला पंधरवडा झाला. दोन दिवसांचा ताप काय येतो आणि माणूस काय जातो. त्या दिवशी मी रडलो, ते चारचौघांनी पाहिलं. राग आला तो आठ दिवसांनी, माझ्या घरच्या ओसरीवर, आणि तो कुणीच पाहिला नाही. माझ्या मॅशीच्या मुठीवरची चामड्याची पट्टी सुटली होती. मॅशी म्हणजे गोल्फमधली मधल्या पल्ल्याची काठी, खाली लोखंडी पातं आणि वर दांडी, हे मी गावात इतक्या जणांना समजावून सांगितलंय की आता लिहितानाही सवयीनं हात वळला. एरवी पट्टी सुटली की काठी काखोटीला मारून मी सरळ तुमच्या अंगणात येत असे. या वेळी तिकडे पाय वळेना. म्हटलं, आपणच गुंडाळू. जुनी पट्टी उलगडत गेलो. आत तुमची धामणीच्या लाकडाची दांडी असणार, जवसाचं तेल पिऊन तपकिरी झालेली, म्हणून सहज बोटानं चाचपली, तर हाताला गार लागलं. उजेडात नेऊन पाहिली. ते लाकूड नव्हतंच. ते पोलाद होतं.

मुठीच्या खाली मात्र ती दांडी पक्की लाकडाची दिसत होती. तसलाच पिवळसर तपकिरी रंग, वर बारीक रेषासुद्धा. पण ते नुसतं पातळ आवरण होतं आणि मुठीच्या आत तुम्ही ते नीट कापून काढलं होतं. दोन वर्षं मी ती काठी खांद्यावर टाकून मिरवत होतो. दोन वर्षं मी त्या काठीच्या जोरावर अख्ख्या मैदानाला लाकडाचं माहात्म्य ऐकवत होतो, आणि तुम्ही मैदानाकडेच्या जांभळीखाली बसून ते ऐकत होता.

तुमचा जन्म कधीचा, तुमच्या वडिलांनी कातारकाम कुणाकडून उचललं, हे मला माहीत नाही. मला आठवतं ते तुमचं अंगण. तुंगार्लीच्या एका बंगल्यात मी मुलांना गणित शिकवायला जात असे. ते कुटुंब कायमचं विलायतेला निघालं तेव्हा मालकांनी मला बक्षीस म्हणून तीन जुन्या गोल्फच्या काठ्या दिल्या. मास्तराला गोल्फच्या काठ्या देणं म्हणजे बैलाला छत्री देण्यासारखं, असं आमच्या घरात बोललं गेलं. त्यातल्या एकीची दांडी चिरली होती. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. मी आलो तेव्हा तुम्ही पलंगाचे पाय कातत होता आणि अमिनाभाभी पलीकडे मेण लावलेला दोरा ताणत होत्या. तुम्ही काठी हातात घेतली, एक डोळा मिटून तिच्यावरून आकाशाकडे पाहिलं आणि म्हणालात, उद्या या.

उद्या आलो तर दांडी नवी. मी माहितीच्या पुस्तकात वाचून आलो होतो की ह्या दांड्या हिकरी नावाच्या अमेरिकेतल्या लाकडाच्या असतात. तसं मी मोठ्या ऐटीत विचारलं. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत आणि गुपित सांगावं तसं सांगितलंत, "मास्तर, ही धामण हाय. आपल्या मावळातली. कुऱ्हाडीला घालतो तीच. निम्म्या सायबांच्या काठ्यांना म्या हीच घातलीया. त्यास्नी वाटतंय, बोटीतनं आली." मला इतकं हसू आलं की मी तिथंच अंगणात बसलो. आपली ओळख झाली ती त्या हसण्यात.

साहेब लोकांचं मैदान वलवणच्या बाजूच्या माळावर. गावकरी त्याला चेंडूचा माळ म्हणतात. आमच्यासारख्यांना तिथं रविवारी सकाळी साहेब प्रार्थनेला गेले की दीडेक तास खेळायची मुभा होती. तुमचं काम चांगलं म्हणून ती मुभा मिळाली, हे मला फार उशिरा कळलं. मैदानाच्या सेक्रेटरीला तुम्ही म्हणाला होतात, काठी नीट झाली का नाही ते मारल्याशिवाय कसं कळणार, माझी चार माणसं मारून बघतील. अशी आमची चार माणसं झाली. पोस्टमास्तर, स्टेशनातले एक बाबू, मी, आणि नंतर वडगाव मावळच्या कोर्टातले वकीलसाहेब, जे सकाळच्या लोकलनं यायचे आणि आल्याआल्या कोटाच्या बाह्या सावरायचे. तुम्ही स्वतः खेळत नव्हता. प्रत्येक दुरुस्त काठीनं एकेक चेंडू मारायचा आणि काठी परत द्यायची. पण तो एक चेंडू आमच्या चौघांच्या सगळ्या चेंडूंपेक्षा सरळ जायचा, आणि आम्ही चेंडू शोधायच्या निमित्तानं पांगायचो. दुखायचं ना.

लोणावळ्याची हवा लाकडाला मानवत नाही, ही तुमची पहिली शिकवण. पावसाळाभर काठ्या ओल पितात आणि गणपती उठेपर्यंत सगळ्या वाकतात. मग गणपती ते दसरा तुमचं अंगण काठ्यांनी भरून जायचं. साहेबांच्या पिशव्या, बंगलेवाल्यांच्या पिशव्या, त्यात कोपऱ्यात माझ्या तीन. तुम्ही कोळशाचा विस्तव मंद ठेवून एकेक दांडी त्यावर फिरवायचात, गुडघ्याला टेकवून हळूच दाबायचात, परत एक डोळा मिटून पाहायचात. भाभी मेणाचा दोरा आणि चामडं गुंडाळायच्या. दसऱ्याला तुम्ही आपली हत्यारं पुसून मांडायचात आणि मी झेंडूची दोन फुलं आणून त्यावर ठेवायचो. तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत. मला शाळेत आयुष्यभर जे शिकवायचं होतं, की वस्तूवर चिडायचं नाही, तिला वेळ द्यायचा, ते मी तुमच्या त्या अंगणात बघून शिकलो. शाळेत मी त्याचं व्याख्यान करत असे. तुम्ही ते करत होता.

म्हणूनच वकीलसाहेबांनी पोलादी दांड्यांच्या काठ्या आणल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. ही दुसरी मोठी लढाई लागायच्या आधीची गोष्ट. पुण्याहून त्यांनी पिशवीभर चकचकीत काठ्या आणल्या आणि पहिल्याच फटक्याला चेंडू ओढ्यापलीकडे टाकला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चिडाल, निदान तोंड वाकडं कराल, असं मला वाटलं. तुम्ही उठलात, त्यांच्या हातातून काठी घेतली, एक डोळा मिटून तिच्यावरून पाहिलं, आणि तुमचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. "ही कुणी सरळ केली?" तुम्ही विचारलंत. वकील म्हणाले, कारखान्यात. तुम्ही मान हलवलीत. "कुणीच न्हाई केली. ही आईच्या पोटातनं सरळ आलीया. लय भारी काम हाय." तुम्ही ती काठी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलीत, वकिलांना ती परत मागून घ्यावी लागली.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, इब्राहिमभाई, आणि ते संपलं नाही. मी म्हणायचो, पोलादानं माणूस उद्धट होतो. लाकडी काठी वाकते, तुमच्यासाठी थांबते, तिच्या तालावर आपल्याला थांबावं लागतं. पोलादवाला जोर लावतो आणि मोकळा होतो, त्याला काठीची पर्वा नाही, सोबत्याची नाही, खेळाची नाही. बघा ते वकील, चेंडू जमिनीला टेकायच्या आत चालायला लागतात. पूर्वी माणूस फटका मारून उभा राहायचा, दुसऱ्याच्या फटक्याला मान द्यायचा. तुम्ही विडी ओढत सगळं ऐकून घ्यायचात. मग सावकाश म्हणायचात, "मास्तर, शाळंत पोरांना टाक-दौत देता आन् सोताच्या खिशाला फाउंटनपेन लावता. मग चेंडूनंच काय घोडं मारलंय?" पोस्टमास्तरांना हसण्याचा ठसका लागायचा. मी पेन खिशात आत सरकवायचो.

त्यावर मी आवाज वाढवायचो. मास्तरांचं तेच असतं. तुम्ही पुढं सांगायचात की सायबाच्या पोरीसुद्धा आता त्या काठ्यांनी ख्येळतात, त्यांच्या दांड्या मोडत नाहीत, पावसात वाकत नाहीत, चांगलंच झालं की. मी म्हणायचो, चांगलं कुणाचं झालं? तुमचं झालं का? त्यावर तुम्ही नुसते विडी झाडायचात. हा प्रश्न मी रागात विचारायचो, आणि त्यातच माझी खरी गोष्ट होती. मी लाकडाची बाजू घेत होतो, कारण सगळ्यांनी पोलाद घेतलं तर गणपती ते दसरा तुमच्या अंगणात कोण येणार? आधीच साहेबांच्या पिशव्या कमी होत चालल्या होत्या. एका वर्षी मोजून सात-आठ काठ्या आल्या, त्यात तीन माझ्या. हे मी तुमच्याजवळ कधी बोललो नाही. मैत्रीपोटी बाजू घेतोय म्हटलं असतं तर तुम्हाला दया वाटली असती, आणि मला माझ्या वादाची सगळी शान गेली असं वाटलं असतं. त्यापेक्षा तत्त्वाचा आव आणणं सोपं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझी मॅशी मोडली. ओढ्याकडेच्या दगडावर आपटली आणि दांडी मधोमध गेली. मी ती तुमच्याकडे टाकली. एरवी दुसऱ्या दिवशी देणारे तुम्ही, या खेपेला म्हणालात, आठ दिवस लागतील. मी म्हटलं, धामण मिळत नाही का? लढाईमुळं सगळं रान ठेकेदारांनी धुतलंय, हे खरंच होतं. तुम्ही म्हणालात, मिळंल, पर बघून घ्यायला लागंल. आठ दिवसांनी काठी हातात आली. पातं तेच, मूठ तीच घट्ट बांधलेली, दांडीवर सुरेख रेषा. मी हवेत फिरवली आणि म्हटलं, हलकी लागतेय. तुम्ही मान दुसरीकडे वळवून म्हणालात, "लई जुनं लाकूड हाय मास्तर. सुकल्यालं."

मी तुमच्यावर विश्वास ठेवला. ठेवणारच. तुमच्या हातच्या काठीवर संशय घ्यायचा तर मग विश्वास कशावर ठेवायचा? चुकीचा फटका बसला की मनगटापर्यंत झिणझिण्या येत, पूर्वी लाकडात तसं होत नसे. मी त्याचं खापर वयावर फोडलं आणि मनगटाला तेल चोळू लागलो. चेंडू मात्र लांब जायला लागला. सरळही जायला लागला. मग तर माझ्या जिभेला हाडच उरलं नाही.

माझं सगळ्यात मोठं व्याख्यान तुम्हाला आठवत असेल. मागच्या थंडीत वकीलसाहेबांचा फटका झुडपात गेला आणि माझा ओढा ओलांडून वाळूच्या गोलाजवळ पडला. आमच्या माळावर चेंडू घालायच्या खळग्याभोवती हिरवळ नाही, तेल शिंपडलेली वाळू अंथरलेली असते, त्या वाळूच्या कडेला. मी मॅशी उंच धरली आणि म्हटलं, "बघा वकीलसाहेब. हे लाकूड आहे. ह्यात माणसाचा हात आहे, माणसाची नजर आहे. तुमच्या पोलादात काय आहे?" तुम्ही जांभळीखाली होता. तुमचे खांदे हलत होते. मला वाटलं, खोकला आला. वकीलसाहेबांनी फक्त टोपी काढून पुन्हा घातली. मी त्यालाही माझा विजय समजलो.

ओसरीवर पट्टी उलगडली त्या दिवशी हे सगळं मला एकदम आठवलं आणि कान तापले. मला पहिल्यांदा वाटलं, तुम्ही माझी थट्टा केलीत. वाद शब्दांत जिंकता येईना, म्हणून तो माझ्याच हातात देऊन जिंकलात. दोन वर्षं मनातल्या मनात हसलात. रविवारी वकीलसाहेब लोकलनं आले तेव्हा मी मैदानावर पोचायच्या आधीच त्यांना रस्त्यात गाठलं आणि उघडी मूठ समोर धरली. त्यांनी ती पाहिली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले.

ती दांडी त्यांचीच होती. विलायतेला जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी कधीकाळी एक काठी घेतली होती. पोलाद नवीन आलं तेव्हा जुन्या खेळाडूंच्या डोळ्यांना खटकू नये म्हणून काही दांड्यांवर असं लाकडाचं सोंग चढवत. वकिलांना ते सोंग आवडत नसे, म्हणून ती काठी त्यांनी मैदानावर कधी आणली नाही, आम्ही कधी पाहिली नाही. तिचं पातं तुटलं तेव्हा ती त्यांनी एकट्या तुम्हाला दाखवली होती. तुम्ही त्यांच्या घरी वडगावला जाऊन ती दांडी मागून आणलीत, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतलात. मी विचारलं, मग तुम्ही माझी एवढी बडबड दोन हिवाळे ऐकून घेतलीत? त्यावर ते म्हणाले, मास्तर, अशिलाचं गुपित आम्ही फोडत नाही. ज्या माणसाला मी सात-आठ वर्षं उद्धट म्हणत आलो, त्यानं माझा एवढा मूर्खपणा टोपीखाली झाकून ठेवला. त्यांची मी माफी मागितली. तेवढं तरी या जन्मी वेळेत झालं.

पण का केलंत, ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून परवा मी तुमच्या घरी आलो. भाभी अंगणात बसल्या होत्या. विस्तवाची जागा झाडून घेतली होती. मी काठी पुढं केली. त्यांनीच पट्टीचं सुटलेलं टोक हातात घेतलं आणि सांगितलं.

तुमच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. दोन्ही डोळ्यांवर. तुम्हाला दांडी सरळ आहे की वाकडी, ते दिसत नव्हतं. माझी मॅशी मोडली तेव्हा तुम्ही तीन धामणीच्या दांड्या केल्यात, आणि तिन्ही वाकड्या निघाल्या. भाभींनी पाहून सांगितलं, तेव्हा त्या तुम्ही चुलीत घातल्यात. मग वडगावला गेलात. "म्हनले, मास्तरला वाकडी दांडी द्यायची न्हाई," भाभी म्हणाल्या. "आन् डोळे ग्येले आसं बी सांगायचं न्हाई. ते म्हनायचे, मास्तर लाकडासाटी भांडत न्हाई, माझ्यासाटी भांडतोय. त्याला कळलं तर भांडायचं सोडंल. मग हितं कोन येनार?"

इब्राहिमभाई, मी तुमच्या अंगणात तितकी वर्षं बसलो आणि मला काही दिसलं नाही. अलीकडे तुम्ही एक डोळा मिटून बघायचं सोडलं होतं. दांडी शहाबादी फरशीवर घरंगळवून कान लावून ऐकायचात. मी शाळेत मुलांना सांगितलं, बघा, खरा कारागीर कानानंही मोजतो. चहाचा कप तुम्ही आधी बोटांनी शोधायचात. मी समजलो, कप तापला असेल. तेव्हा माझा खरा राग पोलादाचा नाही. तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी तुम्हाला पुण्याला नेलं असतं, डोळ्यांच्या डॉक्टरांपुढं बसवलं असतं, शाळेची रजा टाकून तुमच्या खाटेशी राहिलो असतो. पडदा काढतात हो, इब्राहिमभाई. माझ्या थोरल्या आत्याचा काढला. तुम्ही मला तेवढी संधी दिली नाहीत, म्हणून मी रागावलो आहे. आणि तुम्ही का दिली नाहीत हे आता कळल्यामुळं तो राग कुठं नेऊन ठेवावा ते मला समजत नाही.

मी बोललो असतो तर तुम्ही बोलला असता, असं मला सारखं वाटतं. मी तत्त्वाचा आव आणला, तुम्ही जुन्या लाकडाचा. दोघांनी एकमेकांची लाज राखली आणि त्यात दोन वर्षं गेली. पण ती वाईट गेली असं मी म्हणणार नाही. दर रविवारी भांडायला माणूस होता. तुम्ही जांभळीखाली बसायचात, आणि भाभी सांगतात, घरी गेल्यावर त्यांना सगळा खेळ सांगायचात. मास्तरनं आज ओढा वलांडला. मास्तरचा आज खांदा दुखतोय. तुम्हाला चेंडू दिसत नव्हता. पात्याचा आवाज ऐकून तुम्हाला सगळं कळत होतं. माझ्या खेळाकडे इतकं लक्ष आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही, मी स्वतःही नाही. ह्यासाठी तुमचे आभार कसे मानायचे ते मला शाळेत कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलेलं नाही.

तुम्ही दिलेल्या गोष्टींची यादी करायला बसलो तर हा कागद पुरणार नाही. हातातली वस्तू वाकली तर आधी तिला ऊब द्यावी, मग जोर लावावा, हे तुमच्याकडून. नवी गोष्ट चांगली असेल तर ती आपल्या पोटावर पाय देत असली तरी तिला चांगली म्हणावं, हे तुमच्याकडून, आणि ते मला अजून नीट जमत नाही. मी नवीन गोष्ट पाहिली की आधी नाक मुरडतो. तुम्ही तुमचा धंदा बुडवणाऱ्या दांडीवरून डोळा मिटून पाहिलंत आणि लय भारी म्हणालात. त्यात कुठंच कडवटपणा नव्हता. इतका मोकळा माणूस मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही.

भाभींनी पट्टी गुंडाळायला घेतली. दुसरं टोक ताणून धरायला माणूस लागतो, तेव्हा मी खाली बसून ते धरलं. त्यांनी मधेच मुठीखालच्या आवरणाला नख लावून पाहिलं. ते एका जागी सुटायला लागलं होतं. त्यांनी विचारलं, "ही साल काढून टाकू का? का हाय तशी ऱ्हाऊ दे?"

साल राहू दिली तर मैदानावर सगळं पूर्वीसारखं चालेल. मास्तर लाकडाचा, वकील पोलादाचे. काढली तर मला चारचौघांत सांगावं लागेल की दोन वर्षं मी ज्याची निंदा केली त्यानंच खेळत होतो. तुमच्या डोळ्यांचं मैदानावर कुणाला सांगायचं नाही, एवढं मात्र माझं पक्कं होतं. ते तुम्ही झाकलं होतं, ते उघडं करायचा हक्क मला नाही. हसणं होईल ते माझ्यावर होऊ दे. मी म्हटलं, काढा. भाभींनी विळ्याच्या टोकानं साल सोलली, आणि आतून तुम्ही ज्याच्यावर भाळला होतात तसलं पांढरं पोलाद निघालं.

आज रविवार. सकाळी मैदानावर गेलो. पोस्टमास्तरांनी काठी पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. स्टेशनातले बाबू जवळ आले. वकीलसाहेब दूर उभे राहिले. पोस्टमास्तरांनी विचारलं, मास्तर, तुम्ही आणि पोलाद? हे कसं काय?

मी म्हटलं, "इब्राहिमभाईंनी पटवलं मला."

त्यांचा विश्वास बसेना. कधी पटवलं, असं त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली," मी सांगितलं. "मला कळायला उशीर झाला."